अ‍ॅलर्जीकारक अंशांची मर्यादा ठरवा: अन्नसुरक्षा प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
अन्नसुरक्षा प्राधिकरणांचे प्रमुख आणि अन्नपदार्थांच्या लेबलविषयी नियम ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी अन्नतपासणी प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून काम करते. एखाद्या पदार्थात शेंगदाणा, दूध, अंडे, तीळ, गहू, कोळंबी किंवा काजू-अक्रोड यांची प्रथिने नकळत मिसळली आहेत का, हे शोधणे हे माझे रोजचे काम आहे. एके काळी अशी तपासणी मुख्यतः निर्यात करणारे मोठे उद्योग करून घेत. आज लहान उत्पादक, कच्चा माल पुरवणारे व्यापारी, उपाहारगृहांच्या साखळ्या आणि कधी कधी थेट मुलांचे आईवडीलही आमच्याकडे नमुने घेऊन येतात. या वाढत्या मागणीचे मला मनापासून समाधान वाटते, कारण तिच्यामागे लोकांची खरी काळजी आहे. मात्र आम्ही अहवालात जो आकडा लिहून देतो, त्याचे पुढे काय करायचे हे बहुतेक देशांच्या नियमांत लिहिलेलेच नाही. तो आकडा किती असला म्हणजे माल थांबवायचा, किती असला म्हणजे लेबलवर इशारा द्यायचा आणि किती असला म्हणजे काहीच लिहायचे नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायचे असते. हा निर्णय आपला आहे आणि तो आपण लवकर घ्यावा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अन्नाची अ‍ॅलर्जी खरोखर वाढली आहे की केवळ तिची चर्चा वाढली आहे, असा प्रश्न आपल्या बैठकांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. स्वतःला अ‍ॅलर्जी आहे असे वाटणारे लोक प्रत्यक्ष अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपेक्षा नेहमीच अधिक असतात. अमेरिकेत ४० हजारांहून अधिक प्रौढांच्या सर्वेक्षणात, जे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, सुमारे १९ टक्के लोकांनी आपल्याला अन्नाची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगितले. त्यांनी वर्णन केलेली लक्षणे तपासून पाहिल्यावर मात्र हे प्रमाण १०.८ टक्क्यांवर आले. तरीही १०.८ टक्के हा आकडा लहान नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमधील एक वर्षाच्या बालकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष तो पदार्थ खाऊ घालून जी पाहणी झाली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात दहा टक्क्यांहून अधिक बालकांना कोणत्या ना कोणत्या अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली. तिथे पालकांच्या समजुतीला जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये डॉक्टरांकडील नोंदींवरून केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २००८ साली ०.४ टक्के असलेले संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचे प्रमाण २०१८ पर्यंत १.१ टक्क्यांवर गेलेले दिसले. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पण वाढ होते आहे, याविषयी मला शंका उरलेली नाही.

कारणांच्या खोलात इथे जाणार नाही. इसब झालेल्या त्वचेतून अन्नाची प्रथिने शरीरात शिरली तर प्रतिकारसंस्था त्यांना शत्रू समजते आणि तीच प्रथिने तोंडावाटे लवकर पोटात गेली तर ती त्यांना स्वीकारायला शिकते, या विचाराला आज भक्कम आधार आहे. ६४० बालकांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तान्हेपणापासून शेंगदाणा खाल्लेल्या गटात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ३.२ टक्के, तर तो टाळलेल्या गटात १७.२ टक्के निघाली. म्हणजे ‘लहान मुलाला हे पदार्थ देऊच नका’ हा पूर्वीचा सल्ला फार मोठ्या प्रमाणात उलटा पडला होता. पुढच्या पिढ्यांसाठी ही आशेची गोष्ट आहे. पण ज्यांना अ‍ॅलर्जी झालेली आहे, त्यांच्यापाशी आजही मुख्य उपाय एकच आहे: तो पदार्थ टाळणे आणि अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ बाळगणे. २०२० पासून काही उपचारांना मान्यता मिळाली आहे. त्यांनी चुकून पोटात जाणाऱ्या थोड्या अंशाचा धोका कमी होतो, टाळण्याची गरज संपत नाही. आणि टाळायचे कसे? लेबल वाचून. त्या लेबलमागे आमची तपासणी असते, किंवा असायला हवी.

ही तपासणी कशी होते हे थोडे तपशिलात सांगते, कारण पुढच्या सगळ्या मागण्या त्यातूनच निघतात. सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत एलायझा. नमुना बारीक दळायचा, त्यातला एखादा ग्रॅम, फार तर चार-पाच ग्रॅम वजन करून घ्यायचा, कोमट द्रावणात हलवत ठेवून प्रथिने द्रावणात उतरवायची आणि गाळलेले द्रावण ९६ छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या पट्टीत थेंबाथेंबाने भरायचे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एका विशिष्ट प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. धुऊन झाल्यावर दुसरे प्रतिपिंड, पुन्हा धुणे, मग रंग देणारे द्रावण. जिथे प्रथिन सापडले तो खळगा निळा होतो, आम्ल घातले की पिवळा, आणि पिवळेपणा किती गडद यावरून यंत्र आकडा सांगते. दहा लाख भागांत एक-दोन भाग इतके बारीक प्रमाणही या पद्धतीने मोजता येते. इतक्या नाजूक मोजमापाचा मला अभिमान आहे. पण पिवळ्या रंगातून निघालेला आकडा आणि एखाद्या मुलाच्या ताटातला धोका यांच्यामध्ये बरेच अंतर आहे, आणि ते अंतर आमच्या अहवालावर कुठेही दिसत नाही.

एककाचेच उदाहरण घ्या. एका कंपनीचे किट (तपासणीचा तयार संच) ‘शेंगदाणा’ किती हे सांगते, दुसरीचे ‘शेंगदाण्याचे प्रथिन’ किती हे सांगते. शेंगदाण्यात प्रथिन सुमारे २५ टक्के असते. म्हणजे एकाच नमुन्यावर एका प्रयोगशाळेचा अहवाल किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणेल आणि दुसरीचा अडीच, आणि दोन्ही बरोबर असतील. दुधाच्या बाबतीत कुणी स्निग्धांश काढलेल्या दूध-भुकटीत उत्तर देतो, कुणी एकूण दूध-प्रथिनात, तर कुणी केवळ केसिन या एका दूध-प्रथिनात. उत्पादकाच्या गुणवत्ता विभागातल्या माणसाला हा फरक माहीत असतोच असे नाही, आणि तो कमी आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेकडे वळला तर त्याला दोष देणेही कठीण आहे. रुग्णाच्या शरीराला मात्र फक्त प्रथिन कळते. प्रत्येक अहवाल संबंधित अन्नाच्या एकूण प्रथिनात, किलोमागे मिलिग्रॅम याच एककात द्यावा, एवढा एक नियम केला तरी निम्मा गोंधळ मिटेल, आणि त्यासाठी कुणालाही नवे यंत्र विकत घ्यावे लागणार नाही.

दुसरी अडचण नमुन्याची आहे आणि ती मला सर्वांत अधिक सतावते. समजा, एक टन चॉकलेटमध्ये शेंगदाण्याचा १०० मिलिग्रॅमचा एक तुकडा पडला. त्यात सुमारे २५ मिलिग्रॅम प्रथिन आहे, जे पुढे सांगणार आहे त्या संदर्भ-मात्रेच्या, म्हणजे बहुतेक रुग्णांना लक्षणे न होणाऱ्या मात्रेच्या, बारापट आहे. आता तो संपूर्ण टन मी दळून एकजीव केला, तरी शेंगदाण्याचे सरासरी प्रमाण किलोमागे ०.१ मिलिग्रॅम भरेल, आणि बहुतेक किटना ते दिसणारच नाही. अहवालावर ‘आढळले नाही’ असे येईल, ते शास्त्राला धरूनच असेल, आणि तो तुकडा ज्याच्या वाट्याला जाईल त्याच्या उपयोगाचे त्यात काहीही नसेल. पावडर किंवा दूध यांसारखी एकसारखी पसरणारी भेसळ तपासणीत सापडते. दाणे, तुकडे, तीळ सापडण्याची शाश्वती नसते. म्हणून तयार मालाचा एक नमुना तपासून मिळवलेले प्रमाणपत्र हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. पुरावा वेगळ्या ठिकाणी असतो: कच्चा माल कुठून आला, एकाच यंत्रावर कोणत्या क्रमाने काय बनले, साफसफाईनंतर यंत्राच्या सांध्यांतून घेतलेल्या स्वॅबमध्ये काय निघाले, धुतल्यानंतरच्या पाण्यात काय निघाले. चॉकलेटच्या यंत्रांना तर पाणी लावता येत नाही, कारण ओलाव्याने माल बिघडतो. तिथे मागच्या मालाचे अवशेष पुढच्या मालानेच ढकलून काढावे लागतात. अशा ठिकाणी साफसफाई पुरेशी आहे का, हे तपासणीने सिद्ध करून घेणे हाच तपासणीचा खरा उपयोग आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाने २०२० साली उत्पादकांसाठी काढलेली अ‍ॅलर्जीकारकांच्या व्यवस्थापनाची आचारसंहिता हेच सांगते. ती ऐच्छिक कागदपत्रांच्या कपाटात राहू नये, परवान्याच्या अटींत यावी.

पद्धतीच्या उणिवाही आपल्यासमोर स्पष्टपणे ठेवायला हव्यात. भाजल्या-तळल्याने प्रथिनांचा आकार बदलतो, ती द्रावणात नीट उतरत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो, मात्र अ‍ॅलर्जी उद्भवण्याची शक्ती त्याच प्रमाणात कमी झालेली असते असे नाही. आंबवलेल्या पदार्थांत प्रथिनांचे तुकडे झालेले असतात आणि दोन प्रतिपिंडांमध्ये पकडून ओळखणारी नेहमीची एलायझा ते तुकडे ओळखत नाही. झटपट पट्ट्यांवर प्रथिन फारच जास्त असले तर उलटेच होते: रेघ उमटत नाही आणि अतिदूषित नमुना स्वच्छ वाटतो. पीसीआर ही दुसरी पद्धत प्रथिनाऐवजी डीएनए शोधते, म्हणून अंडे आणि कोंबडीचे मांस किंवा दूध आणि गोमांस यांत तिला फरक करता येत नाही. मास स्पेक्ट्रोमेट्री रेणूंच्या वस्तुमानावरून एकाच वेळी अनेक घटक ओळखते, पण ती महाग आहे आणि त्यासाठी लागणारे कुशल हात सर्वत्र नाहीत. प्रतिपिंडे कधी भलत्यालाच पकडतात. २०१५ साली ब्रिटन आणि कॅनडामध्ये मसाल्यांत बदाम सापडल्यावरून माल बाजारातून परत बोलावण्यात आला; पुढे अधिक सखोल तपासणीत त्यांतल्या काही नमुन्यांत बदाम नसून बदामाच्याच कुळातील महलेब नावाच्या फळाची बी असल्याचे निष्पन्न झाले. एकाच पद्धतीच्या एकाच उत्तरावर मोठा निर्णय उभा करू नये, संशयास्पद निकालाची दुसऱ्या तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीने खातरजमा व्हावी, हा धडा त्या वेळी मिळाला. तो नियमांत उतरलेला मला अजून दिसत नाही.

आता लेबलविषयी. घटक म्हणून मुद्दाम घातलेल्या अ‍ॅलर्जीकारकाची नोंद बहुतेक देशांत सक्तीची आहे. युरोपीय संघाची यादी १४ घटकांची, अमेरिकेची २००४ च्या कायद्याने आठ घटकांची होती आणि २०२३ पासून तीळ धरून नऊ घटकांची झाली. हे काम चांगले झाले आहे. गोंधळ आहे तो नकळत मिसळणाऱ्या अंशांबाबत. ‘याचे अंश असू शकतात’ ही सूचना बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे. ती लिहिण्यापूर्वी काही तपासावे लागत नाही आणि न लिहिण्यापूर्वीही नाही. परिणामी ज्या उत्पादकाने यंत्रे वेगळी केली, कामगारांना प्रशिक्षण दिले, स्वॅब तपासले, त्याच्या पाकिटावर प्रामाणिकपणे काही नसते. ज्याने काहीच केले नाही त्याच्या पाकिटावरही काही नसते. आणि ज्याला वकिलाने सल्ला दिला त्याच्या प्रत्येक पाकिटावर सरसकट इशारा असतो. दुकानात उभ्या असलेल्या आईला या तिघांत फरक करता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डार्क चॉकलेटचे नमुने तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा घटकांच्या यादीत दुधाचा उल्लेख नसलेल्या ८८ चॉकलेटपैकी ५१ मध्ये दूध सापडले. दुसरीकडे, इशारा असलेल्या अनेक पदार्थांत तपासल्यावर काहीच सापडत नाही. म्हणून लोकांचा इशाऱ्यावरचा विश्वास उडतो. अमेरिका व कॅनडातील कुटुंबांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात सुमारे ४० टक्के लोकांनी असे इशारे असलेले पदार्थ आपण विकत घेतो असे सांगितले. त्यांना बेफिकीर म्हणून चालणार नाही. जवळजवळ प्रत्येक पाकिटावर तीच ओळ असेल तर माणसाने खायचे तरी काय?

मर्यादा न ठरवता केवळ कडक नियम केल्याने काय होते, हेही दिसून आले आहे. अमेरिकेत तिळाचा समावेश सक्तीच्या यादीत झाल्यावर काही बेकऱ्यांनी यंत्रे तीळमुक्त ठेवण्याऐवजी पावात मुद्दाम थोडे तिळाचे पीठ घालायला आणि ते घटक म्हणून छापायला सुरुवात केली. नकळत अंश राहिला तर गुन्हा, जाहीर करून घातला तर नाही, अशी ती परिस्थिती होती. कायद्याच्या अक्षराला धरून हे योग्य होते. पण जी कुटुंबे तोवर तोच पाव निर्धास्तपणे खात होती, त्यांच्या ताटातून तो गेला. ज्या लोकांसाठी कायदा झाला त्यांचेच अन्न कमी झाले, याचे मला फार वाईट वाटते. पूर्ण शून्य सिद्ध करणे कुणालाच शक्य नसते. किती अंश चालेल हे सांगितले नाही तर उत्पादक सर्वांत स्वस्त वाट शोधणारच.

‘किती’ या प्रश्नाचे उत्तर आज उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० पासून हा प्रश्न हाती घेतला आणि प्रत्यक्ष रुग्णांना मोजून अन्न खाऊ घालून झालेल्या चाचण्यांच्या आधारे संदर्भ-मात्रा सुचवल्या. त्या अशा: अक्रोड, काजू आणि बदाम यांसाठी एका वेळच्या खाण्यात १ मिलिग्रॅम प्रथिन, शेंगदाणा, दूध, अंडे व तीळ यांसाठी २ मिलिग्रॅम, हेझलनटसाठी ३, गहू व मासे यांसाठी ५, आणि कोळंबीसाठी २००. त्या घटकाची अ‍ॅलर्जी असलेल्या शंभर जणांपैकी पंचाण्णव जणांना इतक्या मात्रेने बाहेरून दिसणारी लक्षणे होणार नाहीत, असा या आकड्यांचा अर्थ आहे. मात्रेवरून पदार्थाची मर्यादा काढणे सोपे आहे. एका वेळी ५० ग्रॅम खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात शेंगदाण्याचे प्रथिन किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत असले तर २ मिलिग्रॅमची मात्रा ओलांडली जात नाही. २०० ग्रॅम खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात तीच मर्यादा १० मिलिग्रॅमवर येते. या दोन्ही मर्यादा आमच्या पद्धतींच्या आवाक्यात आहेत. म्हणजे उरला आहे तो फक्त ठरवण्याचा भाग. सध्या जपान किलोमागे १० मिलिग्रॅम प्रथिनाची रेघ आखतो, स्वित्झर्लंडची रेघ किलोमागे एक ग्रॅमवर राहिली आहे आणि पुष्कळ देशांनी रेघ आखलेलीच नाही. नेदरलँड्सने २०२४ पासून संदर्भ-मात्रांचा मार्ग धरला आहे. एकाच जहाजातून अनेक बंदरांवर उतरणाऱ्या मालासाठी प्रत्येक बंदरावर सुरक्षिततेची व्याख्या बदलावी, हे रुग्णांच्या हिताचे नाही आणि व्यापाराच्याही नाही.

उरलेल्या पाच जणांचे काय, असा प्रश्न आपल्यातले कुणी विचारतील. तो विचारलाच पाहिजे. त्या मात्रेला ज्या प्रतिक्रिया उद्भवतात त्या बहुतांशी सौम्य ते मध्यम असतात, असा समितीचा निष्कर्ष आहे, पण ‘बहुतांशी’ या शब्दात कुणाचे तरी मूल बसत नाही याची मला जाणीव आहे. शिवाय माणसाची सहनशक्ती रोज सारखी नसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात व्यायाम किंवा अपुरी झोप यांमुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या प्रौढांमध्ये प्रतिक्रिया उद्भवण्याची मात्रा सुमारे ४५ टक्क्यांनी खाली आलेली आढळली. म्हणून मर्यादेखाली असलेला पदार्थ सर्वांसाठी सुरक्षित आहे असा दावा कुणालाही करू देऊ नये आणि अत्यंत संवेदनशील रुग्णांना डॉक्टरांनी वेगळा सल्ला द्यावा. तरीही ठरलेली मर्यादा ही आजच्या परिस्थितीपेक्षा शंभर जणांपैकी शंभरांसाठी चांगली आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण आज कुणालाच कशाचीच खात्री नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. संदर्भ-मात्रा कायद्याने स्वीकाराव्यात. नकळत मिसळणाऱ्या अंशाचा इशारा हा उत्पादकाच्या मर्जीचा विषय राहू नये: जोखमीचा लेखी अभ्यास करून, तपासणीने त्याची पडताळणी करून, मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता दिसली तर इशारा सक्तीचा, आणि दिसली नाही तर इशाऱ्याला मनाई असावी. मनाईचा भाग मला सक्तीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण अनावश्यक इशारा खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवतो. असा अभ्यास झालेला आहे की नाही, हे ग्राहकाला पाकिटावरून समजावे. ‘अमुकमुक्त’ असे छापणाऱ्याने केवळ ‘आढळले नाही’ असा अहवाल दाखवून भागू नये. कोणती पद्धत, किती ग्रॅम नमुना, किती नमुने आणि किमान किती प्रमाण दिसू शकते, हे त्याने मागणाऱ्याला द्यावे. ग्लुटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन; त्याच्या बाबतीत कोडेक्सने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवल्यावर किट बनवणारे, प्रयोगशाळा, उत्पादक आणि सेलिअ‍ॅकचे (ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे) रुग्ण सगळे एका आकड्याभोवती आले. अशी व्यवस्था होऊ शकते याचे ते चालते-बोलते उदाहरण आहे. प्रयोगशाळांकडूनही आपण अधिक मागावे. भाजलेल्या, आंबवलेल्या आणि चॉकलेटसारख्या अवघड पदार्थांत ठरावीक प्रमाणात अ‍ॅलर्जीकारक मिसळलेले प्रमाणित संदर्भ-नमुने सार्वजनिक खर्चाने तयार करावेत आणि आमची कामगिरी त्यांच्यावर पारखावी. आमच्यातल्या काहींना ते गैरसोयीचे होईल, होऊ द्यावे.

लहान उत्पादकांना हे परवडणार नाही, अशी हरकत येईल. तिच्यात तथ्य आहे. प्रत्येक बॅच तपासायला लावली तर लहान धंदा बुडेल आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यातून सुरक्षितताही फारशी वाढणार नाही. म्हणूनच तपासण्यांच्या संख्येवर भर देऊ नये. कामाचा क्रम बदलणे, अ‍ॅलर्जीकारक असलेला माल दिवसाच्या शेवटी बनवणे, पळ्या आणि चाळण्या वेगळ्या ठेवणे, पुरवठादाराकडून लेखी माहिती घेणे यांना फार पैसा लागत नाही. त्यानंतर मोजक्या, नेमक्या जागी केलेली तपासणी पुरते. एकाच भागातल्या लहान उत्पादकांना एकत्र येऊन सवलतीच्या दरात ती करून घेता यावी, अशी सोय आपण करू शकता.

पाकीटबंद नसलेल्या अन्नाकडे आपले लक्ष अजून कमी आहे. ब्रिटनमध्ये २०१६ साली एका किशोरवयीन मुलीचा दुकानात बांधून ठेवलेल्या पावातील तिळामुळे मृत्यू झाला. त्या प्रकारच्या अन्नावर घटक छापणे तेव्हा आवश्यक नव्हते. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम, नताशाज लॉ, ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला आणि दुकानातच बांधून विकल्या जाणाऱ्या अन्नावर संपूर्ण घटक लिहिणे सक्तीचे झाले. इतर देशांनी यासाठी तशाच एखाद्या घटनेची वाट पाहू नये.

एक गोष्ट थोडी वेगळी, पण आपल्याच अधिकारातली किंवा आपल्या शेजारच्या खात्याच्या अधिकारातली. माणसांच्या तपासणीचा बाजार अन्नाच्या तपासणीपेक्षाही वेगाने फोफावला आहे. रक्ताचा थेंब पाठवा आणि शेकडो पदार्थांची यादी मिळवा, अशा चाचण्या घरपोच विकल्या जातात. त्यांतल्या पुष्कळ चाचण्या आयजीजी प्रतिपिंडे मोजतात. ही प्रतिपिंडे आपण तो पदार्थ खातो एवढेच सांगतात. अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी त्या चाचण्या वापरू नयेत असे युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे आणि अमेरिका व कॅनडातील तज्ज्ञसंस्थांचेही तेच मत आहे. प्रतिक्रिया घडवणाऱ्या आयजीई प्रतिपिंडांची किंवा त्वचेवरची चाचणी योग्य आहे, पण तीही रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावी लागते, कारण ती सकारात्मक येऊनही तो पदार्थ व्यवस्थित पचवणारे असंख्य लोक आहेत. निश्चित निदान डॉक्टरांसमोर मोजून खाऊ घालण्याच्या चाचणीनेच होते. कागदावरच्या लांबलचक यादीवरून वाढत्या वयाच्या मुलाचे दूध, अंडी, गहू एकाच दिवशी बंद केलेले पालक मला फोन करतात आणि घरातल्या पिठात कशाचे अंश आहेत हे तपासून मागतात. त्यांची धास्ती खरी असते, कदाचित अ‍ॅलर्जी नसते, आणि लहान मुलाने खात असलेला पदार्थ विनाकारण तोडल्याने ती निर्माण होण्याचाही धोका असतो. अशा चाचण्यांच्या जाहिरातींत ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द वापरण्यास मनाई करावी.

शेवटची विनंती अगदी व्यवहारातली आहे. एखाद्याला अन्नाने तीव्र प्रतिक्रिया आली की रुग्णालयात उपचार होतात, अन्न मात्र कचऱ्यात जाते. काही दिवसांनी कुणी आमच्याकडे येते तेव्हा तपासायला तेच पाकीट उरलेले नसते, शेजारच्या बॅचचे असते, आणि दोघांत काय फरक होता ते कधीच कळत नाही. रुग्णालयांनी अशी प्रत्येक घटना आपल्याला कळवणे, उरलेले अन्न त्याच्या वेष्टनासह बंद पिशवीत घालून गोठवून ठेवणे आणि ठरावीक मुदतीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवणे, तसेच उत्पादकाने प्रत्येक बॅचचा राखीव नमुना पदार्थाच्या वापराची मुदत संपेपर्यंत जपून ठेवणे, यांची कार्यपद्धती आपण आखून द्यावी. संदर्भ-मात्रा पुढे सुधारायच्या असतील तर प्रत्यक्ष प्रतिक्रिया नेमक्या किती प्रथिनाने आल्या याच्या नोंदी लागतील, आणि त्या इथूनच मिळतील. यासाठी लागणारे प्रपत्र, नमुना घेण्याच्या सूचना आणि वाहतुकीचे नियम तयार करण्यात आमच्यासारख्या विश्लेषकांची मदत हवी असल्यास ती आम्ही आनंदाने करू.

आपली विश्वासू,
अन्नतपासणी प्रयोगशाळेतील एक विश्लेषक